शासकीय कर्णबधिर व अंध विद्यालयाच्या तपासणीत नेमके काय पाहावे?

पालक-प्रतिनिधी:
आमच्या जिल्ह्यात एकाच आवारात शासकीय कर्णबधिर विद्यालय आणि अंध विद्यालय चालते. दोन्ही निवासी असून दहावीपर्यंत वर्ग आहेत. पुढील तपासणीत पालकांच्या वतीने मला सहभागी व्हायचे आहे. मिळालेल्या नमुन्यात खोल्यांचे क्षेत्रफळ, रॅम्प, शौचालये, पटसंख्या, रिक्त पदे आणि दहावीचा निकाल एवढेच रकाने आहेत. निकाल शंभर टक्के लागतो आणि इमारत नवी आहे, त्यामुळे कागदावर शाळा उत्तम ठरेल. मात्र आठवीतल्या काही कर्णबधिर मुलांना साध्या मराठी वाक्याचा अर्थ सांगता येत नाही, अशी पालकांची तक्रार आहे. या रकान्यांपलीकडे काय तपासावे?

निवृत्त विशेष शिक्षिका:
निकालाच्या रकान्यापासूनच सुरुवात करावी. दहावीला सहा मुले बसली आणि सहाही उत्तीर्ण झाली, तरी निकाल शंभर टक्केच लागतो. पण त्या तुकडीत पहिलीला किती मुले दाखल झाली होती आणि मधली कुठे गेली, हे जनरल रजिस्टरवरून काढता येते.

त्यानंतर वर्गात बसावे आणि शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे पाहावे. कर्णबधिर मुलांच्या वह्या सुवाच्य अक्षरांत भरलेल्या असतात आणि पाहुणे त्यावरच खूश होऊन जातात. परंतु फळ्यावरचे उतरवून घेताना अर्थ कळावाच लागतो असे नाही. पाठ्यपुस्तकाबाहेरचा, चौथीच्या पातळीचा एखादा उतारा द्यावा आणि त्यात काय घडले ते मुलाला खुणांनी सांगू द्यावे. त्यासाठी भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी बाहेरून न्यावा, कारण शाळेतला शिक्षक दुभाषी झाला की मुलाच्या अर्धवट उत्तराचेही, नकळत का होईना, पूर्ण वाक्य होते.

आपल्याकडील जुन्या शाळा मौखिक पद्धतीवर उभ्या राहिल्या. कर्णबधिरांच्या शिक्षणावर इटलीतील मिलान येथे १८८० मध्ये भरलेल्या परिषदेने खुणांऐवजी बोलणेच शिकवावे असा ठराव केला होता आणि त्याची छाया अजून पुरती गेलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये मात्र अंध, बधिर किंवा दोन्ही असलेल्या मुलांना त्यांच्यासाठी सर्वांत योग्य अशा भाषेतून व संवादपद्धतीतून शिक्षण मिळावे असे म्हटले आहे, आणि कलम १७ मध्ये सांकेतिक भाषा व ब्रेल जाणणारे, स्वतः दिव्यांग असलेलेही, शिक्षक नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. तेव्हा स्वतः कर्णबधिर असलेले शिक्षक किती, हे अवश्य विचारावे. विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी सर्व शिक्षकांकडे असेल. पण तेवढ्यावरून खुणा सफाईने येतात असे ठरत नाही.

माजी विद्यार्थी (अंध):
अंध विद्यालयाबाबत माझा पहिला प्रश्न असा असतो की ब्रेल पुस्तके जूनमध्ये येतात की दिवाळीनंतर. पुस्तके उशिरा आली की सगळे ऐकण्यावर निभावते. ऐकून शिकलेल्या मुलाचे पाठांतर उत्तम असते, परंतु त्याला ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे आणि विरामचिन्हे येत नाहीत, आणि परीक्षेत लेखनिक असल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मुलाला ब्रेल लिहिण्याची पाटी व टोचणी देऊन पाच ओळी लिहायला सांगाव्यात.

दुसरे म्हणजे गणित. भूमिती व बीजगणिताऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित घेण्याची सवलत दहावीला असते. ती काही मुलांना खरोखर लागते, पण सरसकट सगळा वर्ग ती घेत असेल तर शाळेने शिकवायचे सोडून दिले आहे असे मी मानतो. टेलर फ्रेम (स्पर्शाने गणित मांडण्याची चौकट), ॲबॅकस आणि उठावाच्या आकृत्या कपाटात आहेत की मुलांच्या हातात, तेही पाहावे. आणखी एक: पटावरील काही मुलांना अंशतः दिसत असते. त्यांची दृष्टी तपासून मोठ्या टाइपाची पुस्तके दिली आहेत का, की सर्वांना एकाच रांगेत बसवले आहे?

पालक, कर्णबधिर मुलगी:
निवृत्त शिक्षिकांच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. माझ्या मुलीला श्रवणयंत्राचा चांगला उपयोग होतो आणि तिला बोलायचे आहे. खुणांचा आग्रह धरताना वाचा-उपचाराचे तास बंद झाले तर आमचे नुकसान होईल. यंत्रे किती वाटली याची नोंद सर्वत्र मिळते, पण वाढत्या वयात यंत्राचा कानात बसणारा साचा वारंवार बदलावा लागतो आणि बॅटऱ्या संपतात, त्याची नोंद क्वचितच दिसते. तपासणीच्या दिवशी किती यंत्रे प्रत्यक्ष चालू आहेत, ते मोजावे.

वसतिगृह रात्री पाहावे. रात्रपाळीच्या काळजीवाहकाला खुणा येतात का? भिंतीवर १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक लिहिलेला असतो, पण कर्णबधिर मुलाने तो फोन कसा करायचा? आणि तक्रारपेटीत ब्रेल चिठ्ठी पडली, तर ती वाचणारा बहुधा त्याच शाळेचा शिक्षक असतो, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोही असू शकतो. चिठ्ठ्या बाहेरच्या ब्रेल जाणणाऱ्या व्यक्तीने उघडाव्यात, अशी लेखी मागणी तपासणी अहवालातच नोंदवून घ्यावी.

निवृत्त विशेष शिक्षिका:
वाचा-उपचार बंद करावा असे माझे म्हणणे नाही. तुमच्या मुलीसाठी तो चालूच राहिला पाहिजे. परंतु ज्यांना यंत्राने पुरेसे ऐकू येत नाही, अशी मुले त्याच वर्गात असतात, आणि इतिहासाचा धडा त्यांना कोणत्या भाषेतून कळतो, एवढेच मी विचारते आहे. पालक-प्रतिनिधींनी दोन्ही गटांतील मुलांना तोच उतारा द्यावा आणि उत्तरे वेगवेगळी नोंदवावीत.