शब्दचर्चा: 'होम-बेस्ड खेळाडू' मराठीत कसं लिहायचं? स्थानिक, देशी, की आणखी काही?

नैरोबीकर:
मंडळी, एका शब्दापाशी दोन दिवस अडलोय, जरा हात द्या. इथल्या आम्हा मराठी लोकांचा एक छोटा अंक निघतो, त्यात 2025 च्या ऑगस्टमध्ये इथे झालेल्या चान स्पर्धेवर एक पान लिहायला घेतलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही आफ्रिकेतल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, पण नेहमीची मोठी आफकॉन नव्हे, ही वेगळी. 2009 ला आयव्हरी कोस्टमध्ये सुरू झाली तेव्हा 8 संघ होते, यावेळी केनिया, टांझानिया आणि युगांडाने मिळून भरवली आणि 19 खेळले. हिचा मुख्य नियम एकच, देशाच्या संघात फक्त तेच खेळाडू घ्यायचे जे आपल्याच देशाच्या लीगमध्ये खेळतात. म्हणजे हकिमी, साडिओ माने वगैरे बाहेरच्या क्लबांत खेळणारे स्टार कोणी नाही, जो पोरगा आठवडाभर इथल्या क्लबात घाम गाळतो त्याची ही स्पर्धा.

इंग्रजीत त्यांना 'होम-बेस्ड' म्हणतात. मी पहिल्या झटक्यात 'स्थानिक खेळाडूंची स्पर्धा' लिहून मोकळा झालो. बायकोने वाचलं आणि विचारलं, म्हणजे नैरोबीतल्या मुलांची का? म्हटलं नाही, देशातल्या. मग म्हणाली, अच्छा, म्हणजे बाहेरून आलेले नाहीत, जन्माने इथलेच, असं ना? तेही नाही! युरोपात खेळणारा केनियन पण जन्माने इथलाच की. तेव्हापासून तो शब्द मला खटकतोय. काय लिहू?

फिरस्ता:
मोबाईलच्या भाषांतराला विचारलं तर 'घरगुती खेळाडू' आलं. हे कृपा करून नको. घरगुती म्हणजे सिलिंडर, घरगुती गणपती, घरगुती डबा.

जुना उपसंपादक:
मी बरीच वर्षं क्रीडापान लावलंय, माझं मत 'स्थानिक'च. रणजीला आपण स्थानिक क्रिकेट म्हणतोच ना, कोणी म्हणत नाही की फक्त मुंबईच्या पोरांचं क्रिकेट. अगदीच शुद्ध हवं असेल तर 'देशांतर्गत', पण तो मथळ्यात बसत नाही, एका कॉलमात तर नाहीच. शिवाय फ्रेंच पेपरवालेही या खेळाडूंना 'लोको' म्हणजे लोकल असंच म्हणतात, मग आपल्यालाच एवढी चिंता का?

एक मात्र सांभाळा. 'आफ्रिकेत खेळणारे' आणि 'आपल्या देशात खेळणारे' यांची गल्लत करू नका, ती फार होते. युगांडाचा गोलकीपर डेनिस ओनयांगो, त्याला 2016 सालचा आफ्रिकेत खेळणारा सर्वोत्तम खेळाडू हा पुरस्कार मिळाला होता, पण तो खेळत होता दक्षिण आफ्रिकेच्या मामेलोडी सनडाउन्सकडून. म्हणजे त्या वर्षी आफ्रिकेत पहिला, तरी चानमध्ये युगांडाकडून उतरता आलं नसतं.

नैरोबीकर:
काका, हे उदाहरण मी उचलतो. इथे रोजच्या बोलण्यात हेच येतं. केनियाचा पोरगा नामांगाची हद्द ओलांडून टांझानियातल्या सिंबा किंवा यांगा क्लबाकडे गेला की संपलं, आईला भेटायला बसने येऊ शकतो एवढ्या अंतरावर आहे, भाषा तीच, चपाती तीच, पण चानसाठी तो परदेशी खेळणारा. म्हणूनच मला 'स्थानिक' नको वाटतो, कारण तो मुलगा सगळ्या अर्थाने स्थानिकच आहे, फक्त लीग बदलली.

मंगळवार पेठ:
उपसंपादक काका, कोल्हापुरात येऊन 'स्थानिक' म्हणून बघा, लगेच भांडण लागंल. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या, तालमींच्या टीम खेळत्यात आणि त्यात आफ्रिकेतनं आलेली पोरंबी असत्यात, आम्ही फॉरेनर म्हणतो. आता बघा, असा एक नायजेरियन तीन सीझन इथं खेळतोय, भाड्याची खोली पेठेतच, मिसळ खातोय, गोल मारला की 'काय भावा' म्हणून मिठी मारतोय. ह्यो लीगचा म्हणून बघितलं तर स्थानिक लीगचा खेळाडू. पण 'स्थानिक खेळाडूंना संधी द्या' अशी बोंब गॅलरीत उठती तेव्हा त्याच्याच विरोधात उठती. एकच शब्द, एकदा जागा सांगतोय आणि एकदा जन्म.

आणि चानच्या नियमानं बघितलं तर बिचारा दोन्हीकडनं बाहेर. नायजेरियाचा हाय पण नायजेरियाच्या लीगमध्ये नाही, आमच्या लीगमध्ये हाय पण भारताचा नाही. माझं म्हणणं एवढंच की नियमाला दोन पाय हायत, देश आणि लीग, आणि दोन्ही पाय एकाच गावात पायजेत. हे 'स्थानिक' मध्ये कुठं येतंय?

गोठा आणि गोठण:
'देशी' कोणी सुचवायच्या आधीच सांगते, नको. मी गाई राखते. देशी हा जातकुळीचा शब्द आहे, राहण्याचा नाही. गीर गाय ब्राझीलला नेली, तिथे तिची केवढी पैदास झाली, तरी ती देशीच. तिच्या शेजारच्या दावणीची जर्सी इथेच जन्मली, इथलाच कडबा खाते, तरी विदेशी ती विदेशीच. या हिशोबाने सलाह लिव्हरपूलला खेळला तरी देशी इजिप्शियन. तुम्हाला नेमकं उलट हवंय, पोरगा कुठल्या गोठ्यात बांधलाय ते.

'स्वदेशी' पण नको, त्याला टिळकांपासूनचा सगळा इतिहास चिकटलाय, वाचणाऱ्याला कापड आणि होळी आठवेल.

रत्नांग्रीस:
मला उलट्या बाजूचा शब्द सुचतोय. जे युरोपात खेळतात आणि आफकॉन आली की देशाची जर्सी घालायला येतात, त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्द तयार आहे, चाकरमानी! कमवायला बाहेर, सणाला गावात. आणि गंमत म्हणजे 2025 ला गणपती 27 ऑगस्टला बसले आणि चानची फायनल 30 ला, म्हणजे आमचे चाकरमानी घरी आरत्या म्हणत होते तेव्हा तिकडे नैरोबीत जे बाहेर गेलेच नाहीत त्यांची फायनल चालली होती. त्याच महिन्यात इकडे सरकारदरबारीही चाकरमानी नको, कोकणवासीय म्हणा अशी चर्चा झाली, मला तो बदल पटला नाही. चाकरमानी म्हटलं की माणूस काय करतो ते कळतं, कोकणवासीय म्हटलं की फक्त कुठला ते.

पण जो गावातच राहिला त्याला मात्र आपल्याकडे वेगळा शब्द नाही हो. त्याला नुसतं 'गावातला' म्हणतात, फार तर 'घरकोंबडा', आणि तो तर अपमान.

नैरोबीकर:
रत्नांग्रीस, तुमच्या शेवटच्या ओळीपाशी बराच वेळ थांबलो. ही स्पर्धा निघाली त्याच कारणासाठी. आफकॉनच्या बऱ्याच संघांत बहुतेक जण युरोपातून येणारे, मग घरच्या लीगमध्ये खेळणाऱ्याला देशाची जर्सी मिळायची कधी? त्यालाही लोक असंच काहीसं समजतात, याला बाहेर कोणी घेतला नाही म्हणून राहिला. तेच शब्दात उतरतं, मराठीत कुठे कुठे या संघांना 'ब संघ', 'दुय्यम संघ', 'राखीव खेळाडू' असं लिहिलेलं वाचलंय. हे साफ चुकीचं आहे. 2014 पासून हे सामने पूर्ण आंतरराष्ट्रीय सामने धरले जातात, फिफाच्या क्रमवारीत मोजले जातात. त्यामुळे दुय्यमपणाचा वास येणारा एकही शब्द मला नकोय, इथे मी हट्टी आहे.

मी 10 ऑगस्टला इथल्या कासारानी मैदानात होतो, केनिया विरुद्ध मोरोक्को, रविवार. रायन ओगमने हाफटाइमच्या थोडं आधी गोल मारला, मग केनियाचा एक माणूस रेड कार्डवर बाहेर गेला, आणि उरलेला सगळा वेळ दहा जण दोन वेळच्या विजेत्या मोरोक्कोला थोपवून धरत होते. माझ्या शेजारी एक आजोबा, हातात छोटा रेडिओ, मैदान समोर असून कानाला कॉमेंट्री. त्यांना माझ्या मोडक्यातोडक्या स्वाहिलीत विचारलं की ही स्पर्धा कोणाची? ते म्हणाले 'वा न्दानी'. न्दानी म्हणजे आत. आतले! घराच्या आत, पेटीच्या आत म्हणतात तोच शब्द. इथल्या बातम्यांतही 'लिगी या न्दानी' असतं, आतली लीग. मला ते फार आवडलं, पण मराठीत 'आतले खेळाडू' म्हटलं की जेलमधले वाटतात, काय करणार.

केनिया 1-0 ने जिंकला. पुढे क्वार्टर फायनलला मादागास्करकडून पेनल्टीवर गेला, त्यावर मी अजून नीट बोलू शकत नाही.

मस्कतवाली:
अरबीत या स्पर्धेला 'महल्ली' खेळाडूंची म्हणतात, माझ्या ऑफिसात मोरोक्कन आहेत, त्यांच्या तोंडून रोज ऐकलं. महल्ल म्हणजे जागा, ठिकाण. आपला 'महाल' तिथूनच, आणि 'मोहल्ला' पण त्याच घरचा. राजवाडा हा अर्थ आपल्या डोक्यात पक्का बसलाय, पण आपल्याकडे महसुलातला महाल होताच, त्याच्यावर महालकरी. म्हणजे अरबी लोकही उपसंपादक काकांच्या बाजूचे, जागा म्हणजे स्थान, महल्ली म्हणजे स्थानिक.

आणखी एक सांगू का? टांझानियाच्या टीमला तायफा स्टार्स म्हणतात. स्वाहिलीत तायफा म्हणजे राष्ट्र, मूळ अरबी, गट किंवा समूह. तोच शब्द आपल्याकडे आला आणि नाचणाऱ्यांचा तायफा झाला! एकाच बंदरातून निघालेला शब्द, एका किनाऱ्यावर राष्ट्र झाला आणि दुसऱ्यावर नाचगाण्याचा ताफा.

जुना उपसंपादक:
तायफ्याचं माहीत नव्हतं, आभार. अरबी माझ्या बाजूने आहे हे वाचून बरं वाटलं, पण मंगळवार पेठवाल्यांचा मुद्दा मी मनावर घेतलाय. आमच्या वेळी 'स्थानिक' म्हटलं की क्रिकेट आठवायचं, आज 'स्थानिकांना नोकऱ्या' आठवतं. शब्द तोच पण त्याचं वजन दुसऱ्या बाजूला सरकलंय. आज मी पान लावत असतो तर निदान पहिल्या वाक्यात तरी फोड करून लिहिलं असतं.

'मायदेशस्थित' असं कोणी लिहू नका मात्र. 'अमेरिकास्थित कंपनी' चालते कारण कंपनी एका जागी बसलेली असते. खेळाडू धावतो.

फिरस्ता:
स्पर्धेच्या नावाचं काय करणार? चान, चॅन, की शान? फ्रेंचमध्ये शान होतं ना?

नैरोबीकर:
हो, फ्रेंचवाले शान म्हणतात आणि त्यांच्याकडे मोठ्या स्पर्धेचं नाव कान, म्हणजे रोमन लिपीत लिहिताना (CHAN आणि CAN) एका अक्षराचा फरक. मराठीत तर दोन्हीचं भाषांतर 'आफ्रिकन राष्ट्रांची स्पर्धा' असंच होतं आणि वाचणारा हमखास चुकतो. म्हणून मी नावाचं भाषांतर करतच नाही, 'चान' आणि 'आफकॉन' सरळ ठेवतो. इथे सगळे चान म्हणतात म्हणून चान.

आता मूळ शब्दाबद्दल. तुमचं सगळं वाचून मला वाटतं आपण विशेषण शोधत होतो तिथेच चुकत होतो. स्थानिक, देशी, स्वदेशी, ही सगळी माणसाला कायमची चिकटणारी. पण होम-बेस्ड असणं चिकटत नाही, ती आजची स्थिती आहे, उद्या बदलते. मोरोक्कोचा अयूब अल काबी बघा, 2018 ला बेरकान या घरच्या क्लबात होता, त्या चानमध्ये 9 गोल मारले, मोरोक्को पहिल्यांदा जिंकला. 2024 ला तोच ग्रीसच्या ऑलिंपियाकोसकडून युरोपातल्या कॉन्फरन्स लीगची फायनल जिंकून देणारा गोल मारत होता, एक्स्ट्रा टाइममध्ये. सेनेगलचा लामिन कामारा 2023 च्या फेब्रुवारीत चान जिंकला आणि त्याच महिन्यात फ्रान्सला मेट्झकडे गेला. आणि आमचा ओगम, ज्याच्या गोलवर मी त्या आजोबांना मिठी मारली, तो टस्कर या इथल्या क्लबाचा होता, थोड्याच दिवसांत ऑस्ट्रियातल्या वोल्फ्सबर्गर क्लबाला गेला. यातला एकही जण कमी 'स्थानिक' झाला नाही, कमी 'देशी' तर नाहीच. फक्त खेळतो कुठे ते बदललं. मग मराठीत ते क्रियापदानेच सांगावं, 'खेळणारे'. आपली भाषा त्यात तरबेज आहे, येणारे जाणारे, राबणारे, बघणारे, कोण काय करतोय ते सांगते आणि जन्मकुंडली विचारत नाही.

मंगळवार पेठ:
आता कसं बरोबर बोललासा. 'आपल्याच देशात खेळणारे'. त्यातला 'च' काढू नका तेवढा. 'आपल्या देशात' म्हटलं की सहज म्हटल्यागत वाटतंय, 'आपल्याच' म्हटलं की नियम हाय हे कळतंय.

गोठा आणि गोठण:
'च' ला माझंही मत.

जुना उपसंपादक:
मथळ्याला मात्र लांब पडेल. 'घरच्या लीगचे' करा. घरचं मैदान आपण म्हणतोच, त्याच्या जोडीला घरची लीग शोभते, आणि 'घरचे' मध्ये आपुलकी आहे, 'घरगुती' सारखा सिलिंडर नाही.

नैरोबीकर:
काका, मथळा तुमचा. पान असं जातंय:

'घरच्या लीगचे शिलेदार. चान ही आफ्रिकेतल्या देशांची अशी स्पर्धा, जिच्यात प्रत्येक देशाच्या संघात आपल्याच देशाच्या लीगमध्ये खेळणारे खेळाडू असतात. 2025 ला 30 ऑगस्टला नैरोबीच्या कासारानी मैदानावर मोरोक्कोने मादागास्करला 3-2 ने हरवून ती तिसऱ्यांदा जिंकली.'

'शिलेदार' मी घातलाय, स्वतःचा घोडा घेऊन लढायला येणारा, तो राहू दे.

रात्री बायकोला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता तिने विचारलं, मग तो ऑस्ट्रियाला गेलेला पोरगा तिकडेच राहिला तर पुढे कधी चान झाली तरी त्यात नसणार ना? म्हटलं, नसणार.