मदत हवी आहे : जुन्या फोटोंची मराठी माहिती रिसोर्सस्पेसमध्ये नीट कशी चढवावी?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या आमच्या वाचनालयाकडे जुन्या फोटोंचे गठ्ठे आहेत. स्कॅनिंग झालंय, मूळ टिफ वेगळ्या डिस्कवर ठेवल्यात आणि चढवायला जेपेग काढलेत. उबुंटूवर (लिनक्स सर्व्हरवर) रिसोर्सस्पेस, म्हणजे फोटो माहितीसकट साठवून शोधायची प्रणाली, चालू आहे. सगळं चढवण्याआधी जाणकारांशी बोलून घ्यायचंय.

माणसांची नावं, गाव, साल हे फाइलच्या पोटातच असावं असा आमचा आग्रह आहे. उद्या सर्व्हर बसला किंवा सिस्टीम बदलली तरी फोटो कोणाचा ते कळलं पाहिजे. नावं ओळखणारी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत, पुन्हा विचारायला मिळतीलच असं नाही. म्हणून माहिती शीटमध्ये भरून, सीएसव्ही काढून एक्झिफटूलने (फाइलमधली माहिती वाचण्या-लिहिण्याचं साधन) फाइलमध्ये लिहितो. मग अपलोड.

फाइलमध्ये माहिती ठेवायच्या दोन पद्धती आम्ही वापरतो, जुनी आयपीटीसी आणि नवी एक्सएमपी. आयपीटीसीतल्या मराठीची आधी प्रश्नचिन्हं होत होती. कोडेड कॅरॅक्टर सेट (अक्षरं कुठल्या संकेतात आहेत ते सांगणारी नोंद) यूटीएफ-८ केल्यावर ते थांबलं. पण तिथे कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. १९७२ च्या दुष्काळातला एक फोटो आहे, 'दुष्काळी कामावरच्या बायका' हा त्याचा कीवर्ड 'बा'पाशीच तुटतो. एक्सएमपीत तोच पूर्ण राहतो. तेव्हा आयपीटीसी सोडून फक्त एक्सएमपीत लिहावं का? रिसोर्सस्पेसच्या फील्डला (माहितीच्या रकान्याला) दोन्हीकडचे टॅग जोडलेले असले तर तुटका मजकूर वर येण्याची भीती वाटते. कोणी फक्त एक्सएमपीचा सब्जेक्ट (तिथला कीवर्डचा टॅग) जोडून चालवलंय का?

दुसरी अडचण शोधाची, आणि मला तीच मोठी वाटते. त्याच फोटोच्या मथळ्यात 'खडी फोडणाऱ्या' असं आहे. शीट भरणाऱ्यांपैकी कोणी फोनवर टाइप करतं, कोणी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर. त्यामुळे 'ऱ्या' कुठे टिंबवाल्या ऱ चा, तर कुठे साध्या र पुढे हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) घालून केलेला. दिसायला सारखेच, पण एका पद्धतीने शोधलं की दुसरे फोटो निघत नाहीत. सातारा, पंढरपूर व्यवस्थित सापडतात, 'साताऱ्याचे' अडतं. सीएसव्हीवरच स्क्रिप्ट चालवून सगळीकडे एकच रूप करावं असा विचार आहे. मग शोधणाऱ्याने दुसरं रूप टाइप केलं तर त्याला कसं सावरायचं?

शेवटचं, फोल्डर आधीच गाव आणि दशकानुसार लावलेले आहेत. रिसोर्सस्पेसच्या स्टॅटिकसिंक या स्क्रिप्टने फाइली जागेवर ठेवून फोल्डरची नावं फील्डमध्ये घेता येतात, म्हणून ब्राउझरमधून चढवण्यापेक्षा माझा कल तिकडे आहे. नंतर कोणी फोल्डरचं नाव बदललं तर आधीची नोंद आणि त्यावर भरलेली माहिती टिकते का? हे ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरूर लिहा. 'ऱ्या' एकसारखा करणारी स्क्रिप्ट कोणाकडे तयार असेल तर तीही चालेल, पायथॉन आम्हाला जमतं.