'हाय चॅपरल'चा सुरुवातीचा जोडभाग: रँचला असा वेढा खरंच पडायचा का?

सांजदिवा:

जुन्या वेस्टर्न मालिका पुन्हा बघायला घेतल्या आहेत. सध्या 'द हाय चॅपरल' चालू आहे (एनबीसी, १९६७ ते १९७१, एकूण ९८ भाग). सुरुवातीचा जोडभाग काल संपवला. जॉन कॅनन बायको अ‍ॅनाली, मुलगा ब्लू आणि भाऊ बक यांना घेऊन अ‍ॅरिझोनात येतो, रँच थाटतो, अपाचींचा (तिथली एक मूळ अमेरिकी जमात) हल्ला होतो आणि अ‍ॅनाली बाण लागून मरते. मालिका सुरू होते न होते तोच नायकाची बायको गेली! मग जॉन सीमेपलीकडच्या, मेक्सिकोतल्या डॉन सेबास्टियन मोंटोयाशी हातमिळवणी करतो आणि त्याची मुलगी व्हिक्टोरिया लग्न करून या घरात येते. ब्लूचं डोकं फिरतं, आणि का फिरू नये? आईची माती अजून ओली आहे.

हे सगळं आवडलं. पण वेढ्याचे प्रसंग बघताना (याच मालिकेतले असं नाही, सगळ्याच) तेच तेच प्रश्न पडतात. बाहेरचे लोक उघड्या मैदानात घोडे पिदडत राहतात आणि आतले खिडकीतून एकेकाला टिपतात. बाहेरच्यांना एवढी कसली घाई? घर पेटवून मोकळं का होत नाहीत? विहिरीची वाट अडवून दोन दिवस नुसतं बसलं तरी पुरे. आणि अगदी शेवटच्या पाच मिनिटांत बिगुल वाजवत घोडदळ येतं ते? असं कधी, कुठे झालं होतं का?

रीळबहाद्दर:

खरं-खोटं इतिहासवाले सांगतीलच, मी चित्रीकरणाची बाजू सांगतो. जाहिराती वगळून तेव्हा हातात साधारण ५० मिनिटं असायची, आणि प्रत्येक जाहिरातीआधी कुणाच्या तरी जिवावर बेतलेलं दाखवायचं. वेढ्याची गोष्ट निर्मात्याला कधीही स्वस्त. एक घर, एक अंगण, नेहमीची मंडळी, पाहुणे कलाकार मोजकेच. खिडकीतला माणूस गोळी झाडतो आणि बाहेरचा घोडा पडतो, ही दोन दृश्यं वेगवेगळ्या आठवड्यांत घेतली तरी चालतात. 'बोनान्झा'त पात्रांचे कपडे वर्षानुवर्षं तेच का असतात? जुन्या भागांतले तुकडे नव्या भागांत बिनबोभाट चिकटवता यावेत म्हणून. दोन्ही मालिका निर्माता डेव्हिड डॉर्टॉर्टच्याच.

तुम्ही बघताय ते घर ओल्ड टक्सन इथलं आहे. तो सेट मुळात १९३९ साली एका चित्रपटासाठी उभारला होता.

अवांतर: बंदुकांकडे नीट बघा. गोष्ट १८७०च्या दशकातली आणि हातात बऱ्याचदा १८९२ची विंचेस्टर रायफल. या मालिकांमध्ये हे सर्रास चालायचं. ती सहज मिळायची आणि पिस्तुलात चालणारी खोटी काडतुसंच तिच्यातही चालायची. एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसतच नाही, आधीच माफी मागतो.

खोगीर:

सांजदिवाताई, प्रश्न मस्त आहेत. हा माझा जुना छंद, त्यामुळे लांबण लागणार, सांभाळून घ्या.

आधी अपाचींचं. भिंतीआडून गोळ्या झाडणाऱ्या घरावर समोरून चालून जाणं हा त्यांचा खाक्याच नव्हता. टोळ्या लहान, गेलेल्या माणसाच्या जागी दुसरा आणायचा कुठून? छापा घालायचा, घोडे-गुरं वळवायची, खिंडीत दबा धरायचा, पाठलाग सुरू व्हायच्या आत डोंगरात पसार. रँचवाल्याला खरी धास्ती घरात नसे, शेतात आणि वाटेवर असे.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे पीट किचन. आजच्या नोगालेसजवळ पोट्रेरो ओढ्याकाठी त्याची रँच होती. उंचवट्यावर कच्च्या विटांचं घर, वर माळवद, माळवदाला छातीएवढा कठडा आणि त्यावर सतत एक पहारेकरी. शेतात राबणाऱ्या माणसांच्याही हाताशी बंदूक. आजूबाजूचे लोक वस्ती सोडून गेले तरी हा टिकून राहिला. पण १८७१ साली त्याच्या घरातलं पोर मारलं गेलं ते शेतातच. त्याचा धंदा डुकरं पाळून हॅम आणि बेकन विकण्याचा. अपाची त्या डुकरांवर इतके बाण सोडायचे, की ती टाचण्या टोचलेल्या गादीसारखी दिसायची अशी आख्यायिका आहे. मालिकावाल्यांनी हे डुक्कर कसं सोडलं कोण जाणे.

आता आगीचं. कच्च्या विटांची भिंत पेटत नाही आणि वर मातीचा थर असलेलं माळवदही सहजी पेटत नाही. त्यामुळे कॅननचं घर उभं राहिलं हे पटतं. याउलट 'बोनान्झा'तलं पाँडेरोसाचं घर अख्खं ओंडक्यांचं! तिथे खरा वेढा पडला असता तर मालिका एका रात्रीत आटोपली असती.

टेक्सासमधल्या अ‍ॅडोबी वॉल्सची लढाईही बघा. ही रँच नव्हे, रानरेड्यांच्या शिकाऱ्यांचं व्यापारी ठाणं. २७ जून १८७४च्या पहाटे कोमँची, शायान आणि कायोवा जमातींनी हल्ला केला. आत २८ पुरुष आणि एक बाई. हल्ला करणारे कित्येक पटींनी जास्त, आणि बेत होता सगळे झोपेत असताना गाठायचं. पण रात्री दोनच्या सुमाराला गुत्त्याच्या छपराचं आढं कडाड्कन वाजलं. छप्पर अंगावर येतंय म्हणून लोक उठले, टेकू लावत बसले आणि पहाटे जागेच राहिले. आढं मोडलंच नव्हतं, गुत्तेवाल्याला आधीच कुणकुण लागली होती आणि त्यानेच पिस्तूल झाडलं, असं पुढे बोललं गेलं. काहीही असो, जागे होते म्हणून वाचले. भिंती बहुतेक गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांच्या, म्हणजे पेटवायची सोय नाही. आत लांब पल्ल्याच्या बंदुका आणि रोज त्यावरच पोट भरणारे नेमबाज.

तेव्हा घर पेटेल का, पाणी कुठे आहे आणि जागं कोण आहे, यावरच सगळं ठरायचं. नायक किती शूर, याला फारसं महत्त्व नाही.

रानवाटा:

+१. आणि घोडदळाचं राहिलं की! तो प्रश्न मलाही आहे.

खोगीर:

घोडदळ शेवटच्या घटकेला आलं होतं. खरंच आलं होतं. फक्त चुकीच्या बाजूला.

वायोमिंग, एप्रिल १८९२, जॉन्सन काउंटी. बड्या गुरेमालकांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकबाज आणले. सगळे मिळून पन्नासेक. छोट्या रँचवाल्यांवर गुरेचोरीचा शिक्का मारायचा आणि नावं काढून टिपायचं, हा बेत. ९ एप्रिलला त्यांनी केसी रँचवरच्या लाकडी खोपटाला वेढा घातला. आत नेट चँपियन, निक रे आणि रात्रीच्या आसऱ्याला आलेले दोन पाहुणे. तुम्ही पाण्याचं विचारलंत ना? सकाळी एक पाहुणा बादली घेऊन ओढ्यावर निघाला, त्याला गुपचूप पकडलं. हा अजून कसा आला नाही म्हणून दुसरा बघायला आला, तोही सापडला. मग रे बाहेर आला आणि गोळी खाऊन पडला. चँपियनने त्याला ओढत आत आणलं.

त्यानंतर तो माणूस दिवसभर एकटा लढला आणि गोळीबार थांबला की खिशातल्या वहीत लिहीत राहिला. निक नऊच्या सुमाराला गेला, तबेल्याजवळ धूर दिसतोय, अशा छोट्या छोट्या नोंदी. दुपारी जॅक फ्लॅग नावाचा माणूस आणि त्याचा सावत्र मुलगा वॅगन घेऊन रस्त्याने चालले होते. त्यांच्यावर गोळ्या सुटल्या, त्यांनी वॅगनचा एक घोडा सोडवून घेतला आणि दोघे निसटले, वॅगन मात्र मागे राहिली. तीच गवत आणि लाकूड भरून पेटवली आणि खोपटाला नेऊन भिडवली. चँपियन बाहेर धावला आणि मारला गेला. सोबत आलेल्या शिकागोच्या बातमीदारामुळे ती वही पुढे छापून आली.

फ्लॅगने बोंब ठोकल्यावर सगळा जिल्हा उठला. मारेकरी टीए रँचवर जाऊन लपले आणि शेरिफ रेड अँगसच्या दोनेकशे माणसांनी त्यांनाच कोंडलं. हे तीन दिवस चाललं. वेढा घालणाऱ्यांनी वॅगनवर ओंडके रचून एक फिरती ढाल केली होती, तिच्या आडून जवळ जाऊन डायनामाइट फेकायचे. आतले संपल्यातच जमा होते.

पण आतल्यांचे हात वरपर्यंत पोचलेले. गव्हर्नर बार्बरने राष्ट्राध्यक्ष हॅरिसनला तार केली आणि १३ एप्रिलच्या सकाळी फोर्ट मॅकिनीहून सहावं घोडदळ हजर. आता कुठली मालिका हे दाखवणार, सांगा!

सांजदिवा:

खोगीर, वाचनखूण साठवली. अंगावर काटा आला, विशेषतः त्या बादलीचं वाचून. म्हणजे कॅनन मोंटोयाकडून माणसं मिळवतो ते पटकथेतलं नुसतं सोयरिकीचं ठिगळ नाही तर. तेवढ्या मोठ्या जागेत आळीपाळीने जागायलाच किती माणसं लागतील!

आणि त्या मारेकऱ्यांचं काय झालं? फासावर गेले का?

खोगीर:

माणसांचं अगदी बरोबर. मला तर तो जोडभाग त्याच कारणाने आवडतो. लग्न म्हणजे तिथे शुद्ध तह आहे आणि लिंडा क्रिस्टलची व्हिक्टोरिया ते जाणून घरात पाऊल टाकते. तिचा भाऊ, हेन्री डॅरोचा मॅनोलिटो पुढे सगळं खाऊन टाकतो, ते वेगळं.

फासाचं विचाराल तर कुणीच नाही गेलं. सैन्याने ताब्यात घेतलं म्हणजे शेरिफच्या हातून काढून नेलं. कैदी पोसायचा आणि खटल्याचा खर्च जॉन्सन काउंटीच्या बोकांडी. टेक्सासवाले जामिनावर सुटून घरी गेले ते परत आलेच नाहीत, आणि जानेवारी १८९३ मध्ये खटला काढून टाकला. टीए रँचच्या कोठारावर गोळ्यांची भोकं अजून आहेत.