'एकल', 'एकच' की 'सामाईक' इंधन?

कोराचहा: नाटोच्या 'सिंगल फ्युएल' धोरणावरचा लेख मराठीत आणतेय. विमानं, रणगाडे, ट्रक, जनित्रं, सगळ्यांत एकाच जातीचं इंधन. मी 'एकल इंधन' लिहिलं, संपादकांनी 'एकच इंधन' केलं. मला ते 'एवढंच उरलंय' असं ऐकू येतं. उद्या लेख द्यायचाय.

बांधावरचा: एकल पालक, एकल गायन. इंधन काय संन्यासी आहे? 'सामाईक' घ्या. सामाईक विहीर सातबाऱ्यावर चालते, मग रणगाड्याला काय झालं?

कोराचहा: सामाईक विहीर म्हटली की भांडण आलंच :)

धातुपाठी: सम + इंधन = समेंधन. इंधन आणि समिधा दोन्ही 'इन्ध्' धातूचेच. घरचं असताना उसनं कशाला?

बांधावरचा: गुरुजी, ट्रकच्या टाकीत समिधा घालायच्या का?

टाकीफुल्ल: मुळात ते रॉकेलच आहे हो. अमेरिकेने १९८८ साली जमिनीवरच्या सैन्यासाठी आणि विमानांसाठी जेपी-८ ठरवलं. म्हणजे प्रवासी विमानांचं जेट ए-१, वर तीन द्रव्यं: बर्फ धरू नये, गंज चढू नये, स्थिर वीज साठू नये म्हणून.

माहेरसातारा: रॉकेल काय, घासलेट म्हणा! 'गॅसलाइट'वरून आलाय शब्द. डिझेल मिळेना तेव्हा आमच्या आजोबांनी विहिरीवरच्या इंजिनात रेशनचं निळं घासलेट ओतलं. पाणी आलं, पण थोड्याच दिवसांत इंजिनाच्या डिझेल-पंपाचा प्लंजर, म्हणजे दट्ट्या, घासून बसला. डिझेलला अंगचं वंगण असतं, हे कोरडं.

बांधावरचा: घासतं ते घासलेट! व्युत्पत्ती मिटली.

धातुपाठी: असल्या लोकव्युत्पत्तींनीच भाषेचं वाटोळं झालं.

टाकीफुल्ल: आजोबांचा अनुभव सैन्यालाही आलाय. जेपी-८मधलं ते गंजाचं द्रव्यच वंगणही सुधारतं. आणि कोराचहाताई, लेखात जहाजं असली तर जपून. जेपी-८ची वाफ ३८ अंशांपासून पेटू शकते. विमानवाहू नौकेच्या पोटात ते कोण ठेवणार? तिथे किमान ६० अंशांचं जेपी-५ लागतं. जहाजाच्या इंजिनांना आणखी तिसरंच.

कोराचहा: म्हणजे 'एकल' खोटं, 'एकच' त्याहून खोटं! शीर्षकाचं काय करू आता?

वऱ्हाडीठेचा: आमच्याकडे मातीचं तेल म्हणतात. रॉकेल, घासलेट दोन्ही पुण्यामुंबईचे लाड.

माहेरसातारा: सातारा पुण्यात कधी गेला हो?