दुबईतला फ्लॅट हप्त्यांवर घेतला तर फेमात (परकीय चलन कायद्यात) अडकू का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही दोघं पुण्यातच राहतो, एनआरआय नाही. दुबईत जुमेराह व्हिलेज सर्कलला भाड्याने द्यायला छोटा फ्लॅट घ्यायचा विचार आहे. एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात, १० लाखांच्या वर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर), तिथल्या नोंदणीचे ४ टक्के, इथवर समजलं. घोडं अडलंय हप्त्यांवर. बिल्डर ताब्यानंतरही तीन वर्षं हप्त्यांनी पैसे भरायची सोय देतोय. एजंट म्हणतो बिनधास्त घ्या. सीए म्हणतात, हे कर्जच झालं, फेमात अडकाल. (एजंट रोज फोन करतो, सीए उचलतच नाहीत!) इथे राहून कुणी असं घेतलंय का? बँकेने कोणते कागद मागितले? भाडं रिटर्नमध्ये कसं दाखवता?