मदत हवी आहे: सासूबाई रात्रभर तळमळतात, झोपेचं काय द्यावं?

सायली_प
सासूबाई, वय ८६. आता फक्त त्रास कमी ठेवायचा असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलंय. वेदनेसाठी पट्टी लावल्यापासून कण्हणं थांबलं होतं. पण आज दुपारपासून चादर ओढतात, उठून बसायला बघतात, माझा हात धरून सारखं "चल, चल" म्हणतात. कुठे, ते सांगत नाहीत. खाणंपिणं सोडलंय. डॉक्टरांचा फोन लागत नाहीये. झोपेची कुठली गोळी चालेल ते कोणीतरी लवकर सांगा. बघवत नाही.

अण्णा_६१
पोटात काही नाही म्हणूनच ही तगमग. आधी सलाइन लावून घ्या. आमच्या वडिलांना बाटली चढली की चेहऱ्यावर तजेला यायचा. उपाशी ठेवू नका त्यांना.

वाटसरू
आजार कोणता? पट्टी कसली, कधी लावली? बाकी औषधं काय चालू आहेत? एवढ्या माहितीवर कोणी गोळीचं नाव सांगितलं तरी देऊ नका.

निरंजन_ध
पट्टी म्हणजे फेंटानिल असणार, मॉर्फिनच्याच जातीचं. आधी काढून टाका. ही औषधं माणसाला लवकर नेतात. आमच्या मावशीला मॉर्फिन सुरू केलं आणि त्याच आठवड्यात ती गेली.

चिमणीताई
हवेची गादी घेतलीत का? नसेल तर लगेच घ्या, पाठीला जखमा झाल्या की फार हाल होतात. आणि सही करता येतेय तोवर मृत्युपत्राचं बघा. आमच्याकडे ते राहिलं, भावंडं अजून बोलत नाहीत एकमेकांशी.

रात्रपाळी
मी अशाच पेशंटची नर्स आहे. सायली, पट्टी काढू नका. काढली तरी त्वचेत साठलेलं औषध बरेच तास उतरत राहतं, आणि ते उतरलं की वेदना परत येईल, तीही मध्यरात्री. झोपेच्या गोळीने या वयात गोंधळ उलट वाढू शकतो. आधी एवढं सांगा: शेवटची लघवी कधी झाली? शौच कधी? पट्टीवर गरम पिशवीचा शेक तर दिला नाही ना? उष्णतेने औषध भराभर अंगात जातं.

वाटसरू
निरंजन, मावशींचं वाईट वाटलं. पण मॉर्फिन बहुतेकदा शेवटी शेवटी सुरू होतं, म्हणून त्यानेच माणूस गेला असं वाटतं. सिसली साँडर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी ठेवणारं रुग्णालय, सुरू केलं तेव्हाही डॉक्टरांच्या मनात हीच भीती होती. वेदना उसळायची वाट न बघता ठरल्या वेळेला, मोजून औषध द्यायचं, हे त्यांनी तिथे करून दाखवलं.

निरंजन_ध
लंडनचं राहू द्या. मी डोळ्यांनी पाहिलंय.

सायली_प
मी झोपेचं विचारलं होतं, मृत्युपत्राचं नाही. स्तनाचा कॅन्सर आहे, हाडांत गेलाय. पट्टी फेंटानिलचीच, तीन दिवसांनी बदलतो, ही दुसरी. शेक दिलेला नाही. डायपर सकाळी जेमतेम ओलसर होता, तेव्हापासून कोरडा. पण पीतच नाहीत तर लघवी कुठून येणार? शौचाला आठवडा झाला असेल. खात नाहीत म्हणून त्याचं काही वाटलं नाही.

अण्णा_६१
मूत्रपिंडं बंद पडत असतील. म्हणूनच म्हणतोय, सलाइन लावा.

रात्रपाळी
अण्णा, तसंही असू शकतं, पण न बघता ठरवायला नको. सायली, त्यांना उताणं झोपवून बेंबीच्या खाली हलका हात ठेवा. दाबू नका. गच्च, ताठ फुगवटा लागतोय का? हात लावल्यावर चेहरा वेडावाकडा होतो का? मूत्राशय भरलेलं असलं आणि लघवी उतरत नसली की माणूस असाच चादर ओढतो, उठू बघतो. दुखतंय कुठे ते सांगता येत नाही. "चल, चल" कदाचित न्हाणीघराकडेच असेल. जन्मभर अंथरुणात लघवी न केलेली बाई आहे ती. या पट्टीने लघवी अडू शकते, आणि साठलेल्या मळाच्या दाबानेही. न खाणाऱ्याच्याही आतड्यात मळ तयार होतच असतो.
घरी येणारी नर्स असेल तर तिला आत्ता फोन करा. पाय अचानक लुळे किंवा सुन्न पडलेत का तेही बघून सांगा. कॅन्सर हाडांत असला की मणक्यात नस दबूनही लघवी अडते, ते डॉक्टरांना कळायलाच हवं.

सायली_प
पाय हलवतायत. पोट खालून दगडासारखं लागलं, हात लावताच ओरडल्या. नर्सला बोलावलंय.

अण्णा_६१
म्हणजे माझ्या वडिलांना सलाइन दिलं ते चुकलंच म्हणायचं का?

रात्रपाळी
नाही हो अण्णा. तहान लागलेली असते पण गिळता येत नाही, अशा माणसाला त्याने बरं वाटतं. शेवटच्या दिवसांत मात्र शरीराला ते पाणी पेलत नाही. पायांवर सूज येते, छातीत पाणी साठतं, घशातली घरघर वाढते. तुमच्या वडिलांचे दिवस वेगळे असतील.

चिमणीताई
गादीचं कोणी काही बोललंच नाही. दर दोन तासांनी कूसही बदलायची बरं का, गादी असली तरी.

सायली_प
नर्सने नळी घातली. आठशे मिलीच्या वर लघवी निघाली! भुवया इतका वेळ आक्रसलेल्या होत्या, त्या सैल पडल्या. आता झोपल्यात, गोळीशिवाय. डॉक्टरांशीही नर्सच बोलली, सकाळी एनिमा द्यायचाय. ओठ मात्र फुटलेत, आणि चमचा नेला की तोंड मिटून घेतात. भरवायचं की नाही?

रात्रपाळी
तोंड मिटलं तर चमचा मागे घ्या. जबरदस्तीने घातलेला घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. भूक आजाराने गेलीय, तुम्ही उपाशी ठेवत नाही आहात. मऊ ब्रश किंवा पाण्यात बुडवून पिळलेला स्पंज हिरड्यांवरून, जिभेवरून फिरवा, तासा-दोन तासांनी. ओठांना पेट्रोलियम जेली. लिंबू-ग्लिसरीन नको, त्याने तोंड आणखी कोरडं पडतं. मागितलं तर घोटभर द्या, उशी उंच करून. आणि पट्टीबरोबर रोजचं पोट साफ होण्याचं औषध लिहून दिलंय का ते डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा ते राहून जातं.

निरंजन_ध
नळी लवकर काढा, इन्फेक्शन होतं.

रात्रपाळी
महिनोनमहिने ठेवायची असेल तर तो विचार करावा लागतो. इथे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, पण माझ्या मते राहू द्यावी. पिशवी कंबरेच्या खालीच टांगा, कूस बदलताना नळी अंगाखाली दबू देऊ नका.

सायली_प
नळी मांडीला चिकटवून दिलीय तिने. पोटाचं औषध लिहिलेलंच नव्हतं, सकाळी विचारते. चिमणीताई, गादी आहे आमच्याकडे. कूस बदलताना खांद्याखाली हात घातला की दुखतं त्यांना, त्याला काय करता?

चिमणीताई
हात घालूच नका. कंबरेपासून खांद्यापर्यंत आडवी घडीची चादर अंथरून ठेवा, आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून सरकवा.