मदत हवी आहे : सेन्सरच्या व्होल्टेजनुसार चालू-बंद होणारी पाण्याची मोटर टाकी भरण्याआधीच बंद होते

नमस्कार. इंदूरला आमच्या भागात नर्मदाकाठच्या जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड मिळते. ते अंगणातल्या हौदात साठवून एक अश्वशक्तीच्या सिंगल फेज मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागते. टाकीतल्या पातळीनुसार मोटर आपोआप चालू-बंद व्हावी म्हणून मी एक साधे सर्किट जोडले आहे. मायक्रोकंट्रोलर मुद्दामच घेतला नाही, कारण दोन पातळ्या ओळखण्यासाठी प्रोग्रॅम लिहावा हे मला पटत नाही.

टाकीच्या तळाशी ० ते ५ पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचे एकक) दाब-सेन्सर आहे. तो ५ व्होल्टवर चालतो आणि शून्य दाबाला ०.५, तर पूर्ण दाबाला ४.५ व्होल्ट देतो. ५ पीएसआय म्हणजे सुमारे साडेतीन मीटर पाण्याचा दाब, त्यामुळे दर मीटरला अंदाजे १.१४ व्होल्ट वाढतात, आणि मल्टिमीटरवरही हा हिशेब जुळला. पाणी ३० सेंटीमीटरपर्यंत उतरले, म्हणजे ०.८४ व्होल्ट झाले, की मोटर सुरू व्हावी आणि एक मीटरला, म्हणजे साधारण १.६५ व्होल्टला, ती थांबावी अशी अपेक्षा आहे.

त्यासाठी ५ व्होल्टवरच्या एलएम३९३ कंपॅरेटरच्या (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या आयसीच्या) ऋण इनपुटला सेन्सर दिला आहे. धन इनपुटला १ किलोओहमच्या प्रीसेटवरून (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरवरून) १.०२ व्होल्ट १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून येतात, आणि आउटपुटपासून त्याच इनपुटला ४७ किलोओहम जोडला आहे. आउटपुटला ४.७ किलोओहमचा पुल-अप, म्हणजे ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर, आहे. तिथूनच १० किलोओहममधून बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडणी जाते. तो १२ व्होल्टचा रिले ओढतो, रिले कॉन्टॅक्टरची (मोठा प्रवाह पेलणाऱ्या रिलेची) कॉइल चालवतो आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरवर पडतो. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड आहेच.

मोटर ३० सेंटीमीटरला बरोबर सुरू होते, पण ८४ सेंटीमीटरच्या आसपासच बंद पडते. ट्रान्झिस्टर सोडवून आणि सेन्सरच्या जागी दुसरा प्रीसेट लावून पाहिले, तर आउटपुट १.६६ व्होल्टला, म्हणजे हवे तिथेच, पालटतो. खालची मर्यादा अचूक आणि वरची तेवढी खाली, असे का होत असावे? शिवाय हौदात पाणी नसेल तर मोटर कोरडी फिरू नये, यासाठी काय जोडावे?

प्रतिसाद :

आपला ट्रान्झिस्टर सोडवून पाहण्याचा प्रयोगच उत्तर देतो. एलएम३९३ चा आउटपुट ओपन कलेक्टर असल्याने तो स्वतः वर जात नाही, पुल-अप त्याला वर ओढतो. बेसकडे प्रवाह गेला की आउटपुट ४.७ व्होल्टऐवजी जेमतेम ३.५ व्होल्टपर्यंत चढतो. वरची मर्यादा ४७ किलोओहममधून परत येणाऱ्या या व्होल्टेजवरच ठरते, म्हणून ती १.४५ व्होल्टवर येते. आपले ८४ सेंटीमीटर तेच. मोटर सुरू होण्याची मर्यादा आउटपुट शून्याजवळ असताना ठरत असल्याने तिला धक्का लागत नाही.

बेसचा रेझिस्टर वाढवून भागणार नाही, कारण आताच बेसला जेमतेम ०.३ मिलिअँपिअर मिळत आहेत आणि रिलेला तेही काठावरच पुरतात. त्याच आयसीमध्ये दुसरा कंपॅरेटर रिकामा पडून असेल, तो वापरावा. पहिल्याचा आउटपुट त्याच्या धन इनपुटला द्यावा, ऋण इनपुटला १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी २.५ व्होल्ट द्यावेत, आणि ट्रान्झिस्टर या दुसऱ्या आउटपुटवरून चालवावा. तिथे पुल-अप १ किलोओहमचा आणि बेसचा रेझिस्टर ४.७ किलोओहमचा ठेवला, तर रिलेही भक्कम ओढला जाईल.

हौदासाठी फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळीनुसार चालू-बंद होणारा स्विच) घ्यावा, मात्र तो कॉन्टॅक्टरच्या २३० व्होल्टच्या वायरीत न घालता रिलेच्या १२ व्होल्टच्या कॉइलशी सिरीजमध्ये जोडावा, म्हणजे पाण्यात मेनचा पुरवठा उतरणार नाही. पाणी असताना जोडणी मिटते आणि पातळी उतरल्यावर उघडते, याची खात्री बसवण्यापूर्वी मल्टिमीटरने करून घ्यावी, कारण काही फ्लोटमध्ये दोन्ही प्रकारच्या वायरी दिलेल्या असतात.